मृत्युपत्र, नॉमिनी आणि वारस नोंद: क्रम चुकला की काम अडतं

माणूस गेल्यावर तेराव्यानंतर एक फाइल निघते. रबरबँड लावलेली, प्लास्टिकची. त्यात विम्याच्या पावत्या, जुना सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुदत संपलेल्या ठेवीची पावती. घरातला एक जण म्हणतो, "नॉमिनी मीच आहे, मग प्रश्नच नाही." दुसरा म्हणतो, "सातबाऱ्यावर नाव लागलं की झालं." तिसऱ्याला कुठेतरी मृत्युपत्र असल्याचं आठवतं. तिघंही अर्धवट बरोबर असतात, आणि पुढची दोन-चार वर्षं त्या उरलेल्या अर्ध्यात जातात.

नॉमिनी, मृत्युपत्र आणि नोंद ही तीन वेगवेगळी कामं आहेत. नॉमिनी पैसे किंवा ताबा घेतो. मालक कोण हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. नोंद फक्त सरकारी दप्तरात नाव बदलते. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. खाली जो क्रम दिलाय तो महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. वाटणीचे नियम मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायद्याचे (तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागतो). मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना कुठे फरक पडतो ते त्या त्या जागी सांगितलंय.

## भाग पहिला: हयातीत करायची कामं

### टप्पा १: यादी करा, पण "काय आहे" एवढीच नाही

बहुतेक लोक यादी करतात ती अशी: एक फ्लॅट, गावाकडे तीन एकर, दोन एफडी, थोडं सोनं. या यादीचा उपयोग फारसा नाही. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी हव्यात:

१. कागदावर नाव नेमकं कोणाचं आहे, आणि कोणत्या स्पेलिंगने.
२. ते कसं आलं: स्वतः विकत घेतलं, वडिलांकडून आलं, बक्षीसपत्राने आलं की वाटपात मिळालं.
३. नॉमिनी कोण, आणि तो कधी नेमला.
४. मूळ कागद कुठे आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "आजोबांचं होतं, म्हणजे वडिलोपार्जित, म्हणजे बाबा कोणाला देऊच शकत नाहीत" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते सरसकट खरं नाही. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन, आणि आजोबा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मृत्युपत्राविना वारले, तर वडिलांच्या वाट्याला आलेला हिस्सा हा त्यांचा स्वतःचा धरला जातो. त्याचं ते मृत्युपत्र करू शकतात. खरोखर एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर मुलींनाही मुलांइतकाच जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. अशा मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, सगळी मिळकत नाही.

म्हणून जमिनीच्या बाबतीत आजचा सातबारा पुरत नाही. जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या जुन्या नोंदी, काढा. फेरफारात "मयत अमुक, वारस अमुक" असं लिहिलेलं सापडतं आणि मिळकत कशी उतरत आली ते तिथेच कळतं.

तपासा: सातबाऱ्यावर नावापुढे "ए.कु.मॅ." असं काही आहे का? त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे तो भाऊ एकटा मालक नाही, बाकीच्यांची नावं मागे दडलेली आहेत. आणि आत्यांची, बहिणींची नावं "इतर हक्क" या रकान्यात टाकलेली आहेत का, तेही बघा. पूर्वी ते सर्रास व्हायचं. कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, नाव नाही म्हणून त्यांचा हिस्सा नाही, असा अर्थ काढू नका.

नावाच्या स्पेलिंगचं हसू येतं, पण माझ्या घरात त्यातच आठ महिने गेले. आबांचं नाव सातबाऱ्यावर "विठ्ठल", बँकेत "विठ्ठलराव", विम्यावर इंग्रजीत नुसतं "व्ही" आणि आधारवर मधलं नाव गायब. चारही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करावी लागली. ते हयात असते तर एका अर्जाचं काम होतं.

### टप्पा २: मृत्युपत्र केलं नाही तर काय होईल, ते आधी मांडा

हा टप्पा लोक गाळतात. पण कायद्याने होणारी वाटणी तुम्हाला मान्य असेल तर मृत्युपत्र साधं, छोटं होतं. मान्य नसेल तर नेमकं कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस समान वाटे घेतात: पत्नी, मुलगे, मुली आणि आई. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिची शाखा. समजा मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि दोन लग्न झालेल्या मुली आहेत. स्वकष्टाच्या फ्लॅटचे पाच समान भाग होतात. पत्नीला अर्धा नाही, मुलाला जास्त नाही, मुलींचं लग्न झालं म्हणून कमी नाही. वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत, त्यामुळे त्यांना काही नाही. "बायकोलाच सगळं मिळेल" असं धरून चाललेल्या नवऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा. सासू आणि सून एकाच फ्लॅटच्या सहमालक होतात, ते असं.

बायकांच्या बाबतीत नियम वेगळा आहे, आणि माझ्या मते हिंदू स्त्रीने मृत्युपत्र करायलाच हवं ते याच कारणाने. तिच्या मागे मुलंबाळं आणि नवरा नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा येतो. तिचे आई-वडील त्यांच्या नंतर. नोकरी करून घर घेतलेली, मूल नसलेली विधवा गेली तर तिचा फ्लॅट दिराकडे जाऊ शकतो, तिला सांभाळणाऱ्या आईकडे नाही. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते, बाकीची नाही. हे सगळं एका पानाच्या मृत्युपत्राने टळतं.

मुस्लिम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं, आणि वारसांपैकीच कोणाला जास्त द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. त्यात लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, हे लक्षात ठेवा. हिंदूंना तो नियम नाही.

### टप्पा ३: नॉमिनी दुरुस्त करा

मृत्युपत्राच्या आधी हे का? कारण हे एका दुपारचं काम आहे आणि घरच्यांच्या हातात पैसा लवकर यायला याचाच उपयोग होतो.

बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. डीमॅट आणि म्युच्युअल फंडात दहापर्यंत. पीएफचं नामनिर्देशन लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलं असेल तर लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं. हे हमखास राहून जातं, कारण नोकरीला लागताना भरलेला फॉर्म कोणाच्या लक्षात असतो?

सावध: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, शेअर, म्युच्युअल फंड, सोसायटी, सगळीकडे नॉमिनी वारसांच्या वतीने मालमत्ता हाती घेतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हा वाद बरीच वर्षं चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये संपवला. विम्यात मात्र एक अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी मानले जातात.

यातून साधा नियम निघतो. ज्याला द्यायचं ठरवलंय त्यालाच नॉमिनी करा. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रातला माणूस दुसरा, ही भांडणाची हमी.

"आयदर ऑर सर्व्हायव्हर" खात्याचंही तसंच. मागे राहिलेल्या खातेदाराला बँक पैसे देते, पण त्याने इतर वारसांचा हक्क संपत नाही.

### टप्पा ४: मजकूर लिहा

स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कोरा कागद चालतो. मराठीत लिहिलेलं चालतं, हाताने लिहिलेलंही चालतं. वकिलाची सक्ती नाही. पण दुसरं लग्न, परदेशातली मालमत्ता, भागीदारीतला धंदा किंवा एखाद्या मुलाला वगळायचं असेल तर वकिलाचे पैसे वाचवू नका.

मजकुरात या क्रमाने या:

१. पूर्ण नाव, वय, पत्ता; इतर नावांनी ओळखलं जात असाल तर "ऊर्फ" लावून तीही.
२. हे शेवटचं मृत्युपत्र असून आधीची सर्व मृत्युपत्रं आणि पुरवण्या रद्द करत आहे, हे वाक्य.
३. कुटुंबात कोण कोण आहे. सगळे. ज्यांना काही द्यायचं नाही तेसुद्धा.
४. मालमत्तेचं वर्णन आणि ती कोणाला.
५. तो माणूस तुमच्या आधी गेला तर कोणाला.
६. "याशिवाय माझ्या मृत्यूच्या दिवशी जी कोणती स्थावर-जंगम मालमत्ता निघेल ती" कोणाला. हे कलम विसरलं की मृत्युपत्रानंतर घेतलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा कायद्याच्या वाटणीत जाते.
७. व्यवस्थापक कोण, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात. वयाने लहान, जवळपास राहणारा आणि कागदांचा कंटाळा नसलेला माणूस बघा. थोरला मुलगा आहे म्हणून त्यालाच, असं नको.
८. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या खालची, असतील तर पालक कोण.

वर्णनात "पुण्याचं घर" असं लिहू नका. सदनिका क्रमांक, मजला, इमारत, सोसायटी, सिटी सर्व्हे नंबर. जमीन असेल तर गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र. बँकेच्या बाबतीत उलट करा: ठेवीच्या पावत्यांचे नंबर लिहू नका, ठेव नूतनीकरणात नंबर बदलतो. "अमुक बँकेच्या अमुक शाखेतील माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी" एवढं पुरे.

आता ज्या एका वाक्याने सगळ्यात जास्त खटले उभे राहिलेत त्याबद्दल. "माझं घर माझ्या पत्नीस द्यावे, तिच्या पश्चात मुलास द्यावे." वाचायला किती सरळ! पण याचे दोन अर्थ होतात. पत्नी मालक झाली, तर तिच्यानंतर कोणाला हे ठरवणारे तुम्ही कोण? ती विकू शकते, स्वतःचं मृत्युपत्र करून मुलीला देऊ शकते. आणि तिला फक्त राहण्याचा हक्क दिला असेल, तर औषधपाण्याला पैसे लागले तेव्हा ती घर विकू शकत नाही. दोन्हींपैकी एक निवडा आणि तसं स्पष्ट लिहा. एकतर "पूर्ण मालकी हक्काने पत्नीस", आणि विषय संपला. किंवा "पत्नीस तहहयात राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क, मालकी मुलास, तिच्या हयातीत त्यास घर विकता किंवा गहाण टाकता येणार नाही". मला विचाराल तर पहिला पर्याय. सत्तरीतल्या बाईला स्वतःच्याच घरात पाहुणी करून ठेवणारी मृत्युपत्रं मी पाहिलीत, आणि ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता.

एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी देत असाल तर एका ओळीत कारण लिहा. "थोरल्यास धंद्यासाठी पूर्वीच रक्कम दिली आहे" इतकं शांतपणे. राग काढू नका. कारणाशिवाय वगळलेलं नाव न्यायालयाला संशयास्पद वाटतं. शिव्या असल्या तर मृत्युपत्र रागाच्या भरात केल्याचा मुद्दा समोरच्याला आयता मिळतो.

सावध: हयातीतच बक्षीसपत्र करून घर मुलाच्या नावे करणं हा मृत्युपत्राला पर्याय समजू नका. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. करायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली ते रद्द करून घ्यायची वेळ आली तर त्या अटीचा आधार मिळतो.

### टप्पा ५: सही आणि साक्षीदार

मृत्युपत्र पडतं ते बहुधा इथेच. नियम छोटा आहे. तुमची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा "ही माझीच सही" असं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि दोघांनी तुमच्या समोर सही केलेली असावी. दोघं एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, पण एकाच वेळी बोलवा. नंतर उलटतपासणीत "त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं" हा पहिला प्रश्न असतो.

नेहमी होणाऱ्या चुका:

- कागद साक्षीदाराच्या घरी पाठवून सही आणणं. तो साक्षीदार नाही, तो फक्त सही करणारा.
- नोटरीचा शिक्का मारून घेणं आणि साक्षीदार विसरणं. नोटरी दोन साक्षीदारांची जागा घेत नाही.
- ज्याला मालमत्ता मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करणं. काही समाजांना लागू असलेल्या कायद्यात त्यामुळे ती देणगीच रद्द होते. हिंदूंच्या बाबतीत होत नाही, पण संशयाला जागा मिळते.
- आपल्याच वयाचे मित्र साक्षीदार घेणं. पुढे न्यायालयात किमान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं. तेव्हा दोघंही हयात नसले की हस्ताक्षर ओळखणारे शोधत बसायचं.
- मोबाइलवर व्हिडिओ करून त्यालाच मृत्युपत्र समजणं. व्हिडिओ हा फार तर जोडीचा पुरावा.

साक्षीदारांना मजकूर वाचायला देण्याची गरज नाही. ते तुमच्या सहीचे साक्षीदार आहेत, वाटणीचे नव्हेत. हे सांगितलं की शेजारचे काका निर्धास्त होतात.

प्रत्येक पानावर सही करा, पानांना "३ पैकी १" असे आकडे घाला. माझ्या पाहण्यातल्या एका मृत्युपत्रात फ्लॅटचा नंबर टाइप करताना चुकला होता. आजोबांनी नंतर निळ्या बॉलपेनने ३०२ खोडून वर २०३ लिहिलं, आणि झालं म्हणून कपाटात ठेवलं. खाडाखोडीशेजारी त्यांची सही नाही, साक्षीदारांची नाही. कायद्याच्या लेखी ती दुरुस्ती नव्हतीच. चूक दिसली तर पान नव्याने टाइप करा, किंवा दुरुस्तीशेजारी तिघांच्याही सह्या घ्या.

वय जास्त असेल किंवा आजारपण चालू असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र जोडा: शुद्धीवर आहेत, समजून-उमजून बोलत आहेत. सक्तीचं नाही, पण "बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं" या एका वाक्यावर ते उत्तर आहे. आणि ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्याने वकील आणणं, मजकूर सांगणं, साक्षीदार गोळा करणं, यातलं काहीही करू नये.

नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क नाही. तरी करा. दुय्यम निबंधक कार्यालयात साक्षीदारांसह जायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज करावा लागतो. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय (किंवा तुम्ही अधिकार दिलेल्या माणसाशिवाय) कोणाला मिळत नाही, तेव्हा बातमी फुटण्याची भीती नको. मात्र नोंदणी झाली म्हणजे ते अभेद्य झालं असंही नाही. नंतर केलेलं, नोंदणी नसलेलं पण रीतसर सह्या असलेलं मृत्युपत्र आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करतं.

### टप्पा ६: ठेवायचं कुठे

फक्त स्वतःच्या नावच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला कागद लागतो, आणि कागद लॉकरमध्ये. मूळ प्रत व्यवस्थापकाला माहीत असलेल्या जागी ठेवा. घरात दोघांना एवढं तरी सांगा की मृत्युपत्र आहे आणि कुठे आहे. काय लिहिलंय ते सांगायची गरज नाही.

लग्न, घटस्फोट, नातवंड, घराची विक्री, लाभार्थीचा मृत्यू: यातलं काही घडलं की मृत्युपत्र काढून वाचा. छोट्या बदलाला पुरवणी चालते, पण तिलाही दोन साक्षीदार लागतात. दोनपेक्षा जास्त पुरवण्या झाल्या तर सरळ नवीन करा.

## भाग दुसरा: माणूस गेल्यानंतर

### टप्पा ७: पहिले पंधरा दिवस

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात झाला तर ते कळवतात. घरी झाला तर ते तुमचं काम, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत. फॉर्मवर नाव सांगणारा माणूस त्या दिवशी भानावर नसतो, म्हणून ते काम थोड्या लांबच्या नातेवाइकाला द्या आणि हातात आधारकार्ड द्या. दाखल्यावर चुकलेलं नाव पुढच्या प्रत्येक खिडकीवर आडवं येतं. आठ-दहा प्रती घ्या.

सावध: एटीएममधून पैसे काढू नका, अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा नाही. पिन माहीत असणं म्हणजे अधिकार नव्हे, आणि मयताच्या खात्यातून तिसऱ्या दिवशी निघालेले वीस हजार भावंडांच्या बोलण्यात वीस वर्षं राहतात. मुखत्यारपत्रही मृत्यूच्या क्षणी संपतं. त्यावर सही केलेली पुढची प्रत्येक गोष्ट बेकायदा. मोबाइल नंबर मात्र बंद करू नका, खाती आणि पॉलिसी शोधायला त्यावर येणारे संदेश उपयोगी पडतात.

### टप्पा ८: पैसे आधी, जमीन नंतर

विमा, बँक, पीएफ, शेअर या क्रमाने जा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी किंवा हयात संयुक्त खातेदार असेल तर बँकेने न्यायालयाचा दाखला मागू नये. दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र एवढ्यावर काम व्हायला हवं, तेही पूर्ण कागद दिल्यापासून १५ दिवसांत. नॉमिनी नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे: हमीपत्र, बाकी वारसांचं ना-हरकत. खिडकीवरच्या माणसाने "कोर्टाचं आणा" म्हटलं तर ते लेखी मागा.

खाती किती होती ते माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघा. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे सापडतात.

कर्जांचंही बघा. वारस त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार असतात, स्वतःच्या पगारातून नाही. वारसाने आलेल्या मालमत्तेवर भारतात कर नाही, पण मयत व्यक्तीचं त्या वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र वारसाला भरावं लागतं.

### टप्पा ९: कोणता दाखला कशासाठी

चुकीचा अर्ज करून वर्ष घालवणारे इथे भेटतात.

- उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात: दिवाणी न्यायालयातून, ठेवी, शेअर, येणी अशा पैशाच्या मालमत्तेसाठी. घर-जमिनीसाठी नाही.
- वारस दाखला: महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देतं. मृत्युपत्र नसताना वारस कोण हे ठरवायला, स्थावर मालमत्तेसाठीही.
- प्रोबेट: मृत्युपत्र खरं असल्यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब. मुंबईत पूर्वी ते टाळता यायचं नाही. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने ती सक्ती काढली. तरी वारसांत कुरबुर असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं.

वारस एकमताचे असतील आणि संस्था प्रतिज्ञापत्रावर मानत असेल तर न्यायालयात जाऊच नका. आधी लेखी विचारा, मग वकील गाठा.

### टप्पा १०: घर आणि जमीन

फ्लॅट: सोसायटीकडे मृत्यू दाखला, नामनिर्देशनाचा तपशील, मूळ शेअर सर्टिफिकेट घेऊन जा. महाराष्ट्र सहकारी कायद्यातल्या २०१९ च्या बदलांनंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. कायमचं नाव मृत्युपत्र, दाखला किंवा वारसांमधल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तावर लागतं. मग मालमत्ता कर आणि वीजबिल. शहरातली जागा असेल तर नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर नोंद.

शेतजमीन: वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन. मुदत तीन महिने. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), वंशावळ आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात.

तपासा: वंशावळीत सगळे आहेत ना? लग्न झालेल्या बहिणी, वारलेल्या भावाची बायको-मुलं, मयताची आई. "बहिणींची नावं आत्ता टाकली तर नंतर काढायला त्रास" म्हणून प्रतिज्ञापत्रातून नावं गाळणारे आहेत. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि दहा वर्षांनी जमीन विकायला काढली की खरेदीदाराचा वकील नेमकं तेच शोधून काढतो.

### टप्पा ११: हक्कसोडपत्र, आणि तेही शेवटी

बहिणीला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लागू द्या, नंतर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतीपत्र चालत नाही. वडील हयात असताना, त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवरचा "पुढे मिळणारा हक्क" सोडून दिल्याचा कागदही चालत नाही. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा? कोणाच्या लाभात सोडलं ते नाव दस्तात हवं, नाहीतर हिस्सा सगळ्या सहमालकांत वाटला गेला असं धरतात. आणि बहिणीला दस्त स्वतः वाचू द्या. राखीच्या दिवशी घाईत घेतलेल्या सहीला पुढे "मला वाचून दाखवलं नव्हतं" हे उत्तर येतं, आणि पुष्कळदा ते खरंच असतं.

फेरफार मंजूर झाल्यावर नवीन सातबारा काढा. सगळी भावंडं एकत्र बसून प्रत्येक नाव, प्रत्येकाचं क्षेत्र आणि "इतर हक्क" रकाना मोठ्याने वाचा. टंकनाची चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच महिन्यात द्या. आणि ज्याच्या नावावर फ्लॅट आला, त्याने सोसायटीच्या ऑफिसातून बाहेर पडण्याआधी स्वतःचा नामनिर्देशनाचा फॉर्म मागून घ्यावा.